सेदाच्या पेटीतला सुगंधी भुसा

मी एक जुनी, तळाला तडा गेलेली काचेची पेटी आहे. एस्तेली गावातल्या एलेउतेरियो सुताराच्या परसात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून असते. कोंबड्या माझ्यावर बसून घाण करतात. करू देत. त्या निदान माझं कौतुक तरी करत नाहीत.

मला बनवलं ते पावाच्या दुकानासाठी. कित्येक वर्षं माझ्यात मक्याच्या खुसखुशीत रोस्किया मांडलेल्या असत. दुकान बंद पडलं तेव्हा सुताराच्या मुलीनं, याहायरानं, मला मागून आणलं आणि तिची लाडकी बोआ सापीण सेदा माझ्यात राहायला आली. याहायरा खाली जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, ओली झाली की बदलायची. सेदा त्यांच्या घड्यांत शिरून निवांत पडायची. मित्रांनो, तेवढेच माझे सुखाचे दिवस.

एलेउतेरियो मात्र नाक मुरडायचा. चिरुटांचे डबे बनवण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. असल्या माणसाच्या घरात साप रद्दीवर झोपणार? एका रविवारी पाहुणे येणार म्हणून त्यानं वर्तमानपत्रं उपसली आणि सेद्रोचा ताजा, लालसर भुसा पसरला. सेद्रो म्हणजे त्याच्या डब्यांचं सुगंधी लाकूड. त्याच्या वासानं कीड फिरकत नाही. पाहुण्यांनी वाहवा केली. मीही चमकून घेतलं, मेलीनं!

काही दिवसांतच सेदा मान वर करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागली. नाकपुडीवर बुडबुडे यायचे, आतून शिट्टीसारखा आवाज यायचा. तो उग्र वास तिच्या फुप्फुसांना सोसत नव्हता. याहायरानं बापाला परोपरीनं विनवलं.

"अगं वेडे, माझ्या डब्यातल्या तंबाखूला कधी कीड लागली का?"

"पापा, तंबाखूला श्वास घ्यावा लागत नाही."

तो हसला. याहायरा भुसा काढून टाकायची आणि ती शाळेत गेली की तो पुन्हा भरायचा. प्रेमानं बरं का! सापिणीला बरं नाही म्हणून ओंजळभर जास्तच. मग झाकण लावायचा. मी काच, मी काय बोलणार?

सेदा गेली. ती मुळातच आजारी होती, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

पुढे मुलीचं मन रमावं म्हणून त्यानं दुसरा साप आणायचं ठरवलं. मला घासूनपुसून लख्ख केलं. आणि तळाला काय पसरलं? तोच भुसा. याहायरानं पाहिलं. मला उचलून परसात नेलं आणि दगडावर आपटलं. पोरगी फार तापट आहे, असं तो आता सांगत असतो.

मित्रांनो, मुक्या जिवाला अंथरूण घालताना तुमच्या नाकाला काय आवडतं ते राहू द्या. त्याला ते सोसतं का, एवढं पाहा. मला तडा गेला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं की पोरीनं मला आधीच का नाही आपटलं.