भाचरांची फी

बाईंनी एक काम अगदी सरळ केलं आणि त्यातच त्या तोंडघशी पडल्या. त्यांनी कर भरला.

घरात चार मुलं शिकायची. एक पोटची, बिट्टी. शाळेत तिची वाचाच बसली होती. परक्या माणसासमोर हूं नाही की चूं नाही. म्हणून खेटे घालून परवानगी काढली आणि बाई तिला घरीच शिकवू लागल्या. ते बघून शेजाऱ्यांनी आपलीही तीन आणून बसवली, फी देऊन. आता कायदा असा, की परवानगी काढून आपलं मूल घरी शिकवलं तर चालतं. पैसे घेऊन लोकांची शिकवली की ती झाली शाळा, आणि शाळेला परवाना लागतो.

भाऊ म्हणाला होता, "ताई, रोख घे आणि गप्प बस."

"मी काय दारू विकते?" म्हणत बाई गेल्या आणि कराच्या फॉर्मवर उत्पन्नासमोर लिहून आल्या: मुलांची शिकवणी. कर खात्याने पैसे गुपचूप घेतले आणि कागद शिक्षण खात्याकडे धाडला.

मग शिक्षण खात्याचे साहेब आले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चौघं भागाकार करत होती.

"ही कोण सगळी?"

"भाचरं माझी."

मुलांना तसंच पढवलेलं. शिकवणीत बाईंना सगळ्यांनी मावशी म्हणायचं. बिट्टीनेसुद्धा, आपपरभाव नको म्हणून.

"भाचरांकडून फी घेता? वर तिच्यावर कर भरता? धन्य आहे तुमची."

बाईंनी बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवला. "तिघांना पाठवते घरी. पण ही माझी आहे. हिला राहू द्या."

साहेब बिट्टीसमोर वाकले. "ही कोण गं तुझी?"

बिट्टीने आईकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शिकवणी सुटायला वेळ होता. आणि परक्या माणसासमोर ती बोलली, चक्क खणखणीत.

"मावशी."

"घ्या. हीपण भाची."

"अहो, पोटची आहे. परवानगीवर नाव बघा तिचं."

"बघितलं. परवानगी न बोलणाऱ्या मुलीची आहे. ही तर छान बोलते." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "सोमवारपासून चौघंही शाळेत."

दार लागलं. बिट्टीने बाईंची बाही ओढली.

"बरोबर बोलले ना, मावशी?"

"एकदम बरोबर," बाई म्हणाल्या, आणि तिचा भागाकार तपासायला घेतला. शिकवणी सुटायला अजून वेळ होता.