चार झाकणं तेल

"पंचवीस वर्षं पेट्रोलमध्ये तेल मिसळतोय. मापाचं भांडं शिकाऊंना लागतं," असं झाडवाल्याने खिडकीतून सासूबाईंना सुनावलं. त्याच्याच अंगणातलं झाड तेव्हा त्यांच्या खोलीवर पडलेलं होतं. बुंधा दाराला आडवा, शेंडा पत्र्यावर, खिडकीला गज. पत्रा दर थोड्या वेळाने करकरायचा, आणि खालची तुळई आणखी जराशी वाकायची. अग्निशामकवाल्यांनी फोनवर रांगेतला एकोणिसावा नंबर दिला होता.

गावाची झाडं कापणाऱ्या या माणसाला घरचं झाड कापायला दोन वर्षं सवड मिळाली नव्हती. बायको कानीकपाळी ओरडून थकली होती. आज तिने कामावरून फोनवर एवढंच सांगितलं, की मी पोचेपर्यंत आई बाहेर दिसली पाहिजे.

त्याचा चेनसॉ जुना, जरा जास्तच तेल पिणारा. लिटरभर पेट्रोलला चार झाकणं, हा हिशोब त्याला झोपेतही पाठ. कालच आणलेल्या नव्या बाटलीची चार झाकणं त्याने ओतली, डबा खळखळून हलवला आणि दोरी ओढली. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूरही नाही. त्याने मिशीवरून हात फिरवला.

पातं बुंध्यात वीतभर गेलं, आवाज चिरका झाला, मशीन किंचाळलं आणि बंद पडलं. पिस्टन जाम. दोरी ओढावी तर हलेना, पातं उपसावं तर निघेना. त्याने मशीनला शिव्या घातल्या, मग गोंजारलं, मग हात जोडले. वर पत्र्याचा एक खिळा टणकन उडाला.

सासूबाई आत जाऊन एक मोठं झाकण घेऊन आल्या. जुन्या बाटलीचं. त्यात त्या शर्टाची बटणं ठेवायच्या.

"जावईबापू, तुमचं झाकण हे. नव्या बाटलीचं याच्या निम्मं आहे, तेल निम्मंच पडलं. मघाशीच दिसलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मी शिकाऊ ना."

त्याला रडू आलं, पण रडायलाही वेळ नव्हता. गंजकी हातकरवत घेऊन तो बुंध्याला भिडला. तळहात सोलले, शर्ट पाठीला चिकटला. तुळई वाकत होती आणि सासूबाई आतून जरा तिरकी धरा, जरा तिरकी धरा म्हणत होत्या. दीड तासाने बुंधा तुटला. त्याने तो खांद्याने ढकलून बाजूला लोटला आणि दार उघडलं.

सासूबाई म्हणाल्या, माझी बॅग जड आहे. तो करवत बाहेर टाकून बॅग उचलायला आत गेला.

बुंध्याचा आधार गेलेला शेंडा पत्र्यावरून घसरला आणि दारात येऊन बसला. तेवढ्यात फाटकाशी बायकोची रिक्षा थांबली.