उकंडाच्या वाट्याचा तुकडा

पोलिसांचा फोन आला तेव्हा मी चर्च झाडत होतो. वणीबाहेर कोळशाच्या ट्रकनं एका बाईला उडवलं, ती जागीच गेली, तिच्या पिशवीत तुमचा नंबर सापडला, असं ते म्हणाले. शकू, माझी बायको, बहिणीकडे निघाली होती. झाडू भिंतीला टेकवून मी निघालो. डोक्यात एकच होतं. मी देवाच्या घरात राबत होतो आणि त्यानं माझं घर सांभाळलं नाही.

ट्रकवाला, उकंडा त्याचं नाव, पिऊन होता. दोन वर्षं तुरुंगात काढून तो सुटला आणि आमच्याच चर्चमध्ये येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. पाळकसाहेबांनी त्याला बाप्तिस्मा दिला. त्या दिवशी मी गेलो नाही.

पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांना गाठलं. अकरा वर्षं मी इथं झाडतो, बाकं पुसतो, प्रभुभोजनाला येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरवतो. या उकंडानं काय केलं, असं विचारलं.

"काहीच नाही," ते म्हणाले.

"मंग त्याले माफी कशी भेटली?"

"तुले भेटली तशीच, लखीराम. तुह्या झाडण्यानं चर्च साफ होते. तू नाही होत."

उद्याचं ताट दुसऱ्या कुणाला द्या, असं सांगून मी निघालो. ते म्हणाले, मी ते दुसऱ्या कुणालाच देणार नाही.

रविवारी ताट टेबलावर तसंच होतं. कुणी उठेना. शेवटी मीच उचललं. एकेक बाक करत मागे पोचलो. शेवटच्या बाकावर उकंडा एकटाच, हात मांडीखाली दाबून.

"भाऊ, तुमी जा," तो हळूच म्हणाला. "मी त्या लायकीचा नाही."

कुणी ऐकलं नव्हतं. त्यानंच घेतलं नाही, असं सगळ्यांना वाटलं असतं. मी वळलो. दोन पावलं गेलोही.

ताटात दोन तुकडे उरले होते. वाटणारा सगळ्यांच्या शेवटी घेतो, म्हणून त्यातला एक माझा. लायकी पाहायची तर तोही मला उचलता येईना. शकू गेल्यापासून मी देवाशी धड बोललोही नव्हतो.

मी परत फिरलो.

"घे," म्हणालो. "मलेही फुकटच भेटते."

त्यानं घेतला. मग मी माझा घेतला.

उपासना संपली की आम्ही हातात हात घेऊन एकमेकांना सलाम करतो. उकंडा दाराशी थांबला होता. मी बाजूच्या दारानं निघालो.

याला तीन महिने झाले. तो दर रविवारी थांबतो. मी त्याला अजून सलाम केलेला नाही.