मूळ क्रम

सिनेमा मध्यंतरापर्यंत पाहायचा आणि परीक्षण मात्र शेवटापर्यंतचं करायचं, ही करवतची पद्धत होती. करवत हे नाव त्याला चाहत्यांनी दिलं होतं आणि तो ते पदकासारखं मिरवायचा. भुताचे सिनेमे, अंतराळातल्या कादंबऱ्या, चित्रकथा, काहीही येवो. दर आठवड्याला एक व्हिडिओ आणि त्यात कुणाची तरी सालटी काढलेली. जे त्याला समजलं ते बाळबोध, जे समजलं नाही ते थोर. या अकलेवर हजारो लोक तिकिटं आणि पुस्तकं घेत होते, त्यांना तरी काय म्हणावं.

त्याच्या धाकट्या बहिणीने वर्षानुवर्षं खपून एक चित्रकथा काढली. दीपगृहाच्या राखणदाराची. पहिला भाग खपला तरच दुसरा छापीन, असं प्रकाशकाने बजावलं होतं. म्हणून छपाईआधीची सुटी पानं मोठ्या लाल क्लिपमध्ये अडकवून ती भावाकडे देऊन गेली. चित्रं पार कडेपर्यंत असल्याने पानांवर आकडे नव्हते.

"दादा, खरं वाटेल ते बोल," एवढंच ती म्हणाली.

दादाने क्लिप काढली आणि साखरेच्या पिशवीला लावली, कारण मुंग्या फार झाल्या होत्या. चहा करून येतो तर पंख्याने पानं खोलीभर केलेली. हाताला लागतील तशी गोळा करून तो वाचायला बसला. राखणदार बुडाला, मग आरामात जेवायला बसला. त्याची मुलगी म्हातारी झाली आणि पुढच्याच पानावर रांगायला लागली. करवतला ओ की ठो कळलं नाही. त्यामुळे पुस्तक थोर ठरलं.

"काळाच्या चिंध्या करून उधळून देणारी चित्रकथा," तो व्हिडिओत म्हणाला, आणि पुस्तक छापून येताच चाहत्यांच्या उड्या पडल्या. घरी नेऊन पाहतात तर मुलगी आधी रांगते, मग तिचा बाप बुडतो, आणि शेवटी म्हातारपणी ती बापाच्या दिव्याची काच पुसत बसते. सगळं सरळ. चिंध्या कुठे आहेत, असं म्हणत लोक पुस्तकं परत करू लागले. शेवटच्या पानावर कुणाचे डोळे भरून आलेही असतील, पण करवतने रडायला सांगितलं नव्हतं ना.

करवतला आपली चूक तेव्हाच उमगली. दोन वाक्यांत कबूल करता आली असती. त्याऐवजी त्याने दुसरा व्हिडिओ टाकला: मूळ क्रम मी डोळ्यांनी पाहिलाय, छापताना घाबरून तो सरळ केला. झालं, लोक बहिणीला भित्री म्हणू लागले.

प्रकाशकाला यात धंदा दिसला. तो बहिणीला घेऊन करवतच्या घरी आला.

"सर, मूळ क्रमाची आवृत्ती काढू, प्रस्तावना तुमची. ती खपली की ताईंचा दुसरा भाग नक्की. ही सुटी पानं आणलीत, तेवढी त्या क्रमाने लावून द्या."

करवत पानं घेऊन फरशीवर बसला. बुडण्याचं पान पहिलं ठेवलं, मग उचललं, मग जेवणाचं ठेवलं. बहीण चहा करायला आत गेली आणि साखरेच्या पिशवीवरची लाल क्लिप पाहून तिथेच थबकली. मग तिने वर पंख्याकडे पाहिलं. चहा न करताच ती बाहेर आली.

"दादा, सांगून टाक. माझा दुसरा भाग गेला तरी चालेल."

"अगं, तुझ्यासाठीच तर करतोय सगळं."

हे मात्र तिला फार लागलं. तिने त्याच्या हातातली पानं काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि पंख्याचं बटण दाबलं. पानं उडाली. काही सोफ्याखाली गेली, एक करवतच्या डोक्यावर पडलं.

"हा घ्या मूळ क्रम, साहेब. असाच लागला होता."

प्रकाशकाने लगबगीने मोबाईल काढला.

"कुणी हलू नका. आधी फोटो घेतो."

करवत तर श्वास रोखून बसला होता. दिव्याची काच पुसणाऱ्या म्हातारीचं पान बहिणीच्या पायाशी येऊन पडलं होतं. तिने ते वाकून उचललं.

"ताई, ते होतं तिथेच ठेवा," प्रकाशक म्हणाला, "क्रम बिघडेल."