मोठ्या सिस्टरांचा भरलेला तांब्या

मित्रांनो, नाक मुरडायचं ते आधीच मुरडून घ्या. मी एक जुनं बेडपॅन आहे. आजारी माणसाला अंथरुणातून उठता येत नाही, तेव्हा मला त्याच्याखाली सरकवतात. कारखान्यात माझ्यावर पांढरा मुलामा चढला, त्याच दिवशी शेजारी एक चहाची किटली तयार झाली. तिचा तोरा काय विचारता! ती पाहुण्यांपुढे मिरवणार आणि मी खाटेखाली.

पण मला घर चांगलं मिळालं. सिस्टर लोकांच्या, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींच्या, दवाखान्यात म्हातारे आजारी असत, तिथे मी आले. मोठ्या सिस्टर मला स्वतः घासत. घासताना प्रार्थना पुटपुटत, जणू हातात चॅपलमधला, त्यांच्या प्रार्थनाघरातला, पवित्र पेला आहे. पेशंट लाजला तर म्हणत, "प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, मग मी एवढंही करू नको?" मला मोठं नवल वाटे. या बाईला किळस कशी येत नाही? आणि उद्या हिच्यावरच पडून राहायची वेळ आली तर?

ती वेळ आलीच. चॅपलच्या पायरीवरून सिस्टर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. पलंगावरून उतरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मला खाली ठेवलं. मी कान टवकारून बसले, पण कुणी मला काढेचना! सिस्टर वरवर हसत होत्या. ओठ मात्र सुकलेले आणि अंगात ताप चढत चाललेला.

स्वयंपाकीणबाई ताट न्यायला आल्या. उशाचा तांब्या त्यांनी उचलला, तर सकाळी भरला होता तस्सा काठोकाठ.

"सिस्टर, पाणी का नाही प्यायलात?"

"तहान नाही गं."

"तहान नाही, की खालचं भांडं नको?"

सिस्टर भिंतीकडे बघू लागल्या. "माझं हे कुणाला करायला लावायचं नाही मला. तेवढाच त्याग."

"डोंबलाचा त्याग! ताप बघा किती चढलाय. हे प्रभूसाठी चाललंय, की तुमच्या नाकासाठी? सगळी सेवा एकट्यानेच उरकून स्वर्गात जायचंय वाटतं! आम्ही काय नुसतं वरण ढवळायचं?"

बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून पुढे धरलं.

"पाय धुताना एक शिष्य नको नको म्हणत होता. प्रभूने ऐकलं का त्याचं?"

"नाही ऐकलं," सिस्टर पुटपुटल्या. डोळे पाणावले होते. त्यांनी हात पुढे केला आणि दोन पेले घटाघटा प्यायल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते भांडं काढ. आणि आधी कोमट पाण्याने विसळ, पत्रा गार लागतो."

"झालं, पडल्या पडल्या हुकूम सुरू!" बाई म्हणाल्या आणि मला घेऊन लगबगीने नळाकडे निघाल्या. हळूहळू सिस्टरांचा ताप उतरला.

आता प्लास्टिकची भांडी आली. माझे टवके उडाले, मी कोठीच्या फळीवर धूळ खात पडले आहे. माझं जाऊ द्या. पण मुलांनो, तुमच्या घरातलं म्हातारं माणूस "तहान नाही" म्हणालं, तर लगेच मान डोलावून खेळायला पळू नका. पेला त्याच्या हातात द्या आणि तो रिकामा होईपर्यंत शेजारी बसा.