आयर्लंडकरांचं पान माझ्या तळाशी

मित्रांनो, जरा जपून बसा. माझ्या उजव्या कोपऱ्याचा पत्रा फाटलेला आहे. हात कापला तर नाव माझंच घ्याल. मी एक जुनी लोखंडी पेटी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मुखेडच्या बाजारात आज मिळतात त्या पेट्या मांडीवर घेतल्या तरी वाकतात. माझ्यावर चार माणसं उभी राहिली आहेत.

नांदेडच्या एका कारागिराने मला ठोकून घडवलं आणि झाकणावर दोन गुलाब अन् एक पोपट काढला. पोपटाचं डोकं जरा मोठं झालं, पण मी कुणाला हसू दिलं नाही. पंचशीलाबाई नावाच्या शिक्षिकेने पहिल्या पगारात मला घेतलं. माझं शिक्षण म्हणाल तर तिने माझ्या पोटावर रंगवलेली अक्षरं तेवढी, 'फिरतं वाचनालय, मुखेड'. तीही मला वाचता येत नाहीत. ऐकून ठाऊक आहेत.

बाईंची मैत्रीण शिवकांता. तिची खानावळ होती. एकीने पुस्तकं जमवायची, दुसरीने माणसं. शिवकांता पोळीवर तूप वाढता वाढता विचारायची, "वाचलं का न्हाई? न वाचता आलास तर आज वरण पातळ मिळंल." रामलिंग कंडक्टर मला एसटीत घालून कधी लोह्याला, कधी नायगावला न्यायचा. मला कुलूप नव्हतं. ज्याला हवं त्याने पुस्तक न्यावं आणि वाचून आणून द्यावं. पुस्तकं येत होती परत.

त्या पुस्तकांत एक निळं, बारीक पुस्तक होतं. आयर्लंड नावाच्या देशातल्या एका मोठ्या कवीच्या कविता, मराठीत आणलेल्या. त्याचं नाव प्रत्येकजण वेगळं घ्यायचा आणि दुसऱ्याचं चूक आहे म्हणायचा. शेवटी सगळ्यांनी मिळून 'आयर्लंडकर' ठेवलं. आयर्लंडकरांवर माणसांचा फार जीव. वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून शिवकांताने माझ्या झाकणाला आतून चिकटवला होता.

"तिकडं म्हणे बारा महिने पाऊस पडतो," रामलिंग एकदा म्हणाला. "मग ह्या माणसाला दुःख कशाचं?"

"शेजाऱ्याचं," पंचशीलाबाई म्हणाल्या. "त्याला पाऊस लागत न्हाई. कोरडवाहूतबी येतं, बागायतीतबी येतं."

सगळ्यांची आवडती कविता एकेचाळिसाव्या पानावर होती. एका गावात दोन गटांची भांडणं पेटतात. त्याच्या आदल्या दिवशी एक शेतकरी शेजाऱ्याची शिडी मागून नेतो. मग तीस वर्षं दोन्ही घरं एकमेकांकडे बघत नाहीत. शेवटी म्हातारा झालेला तो शेतकरी शिडी खांद्यावर घेऊन येतो. काळ्या पडलेल्या शिडीला एक पायरी नवी, पांढऱ्या लाकडाची बसवलेली असते. तो शिडी भिंतीला टेकवतो. त्यावर शेजारी काय करतो, ते शेवटच्या ओळीत आहे. ती ओळ आली की पंचशीलाबाईंचा आवाज बसायचा, आणि शिवकांता उगाच म्हणायची, "कांद्यानं डोळे भरले." खानावळीत तेव्हा कांदा चिरलेला नसायचा.

आता माझं दुखणं सांगते.

दर दसऱ्याला शिवकांता माझ्या तळाचा वर्तमानपत्राचा जुना कागद काढून नवा अंथरायची. सहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला तिने पुस्तकं बाहेर काढली, तेव्हा त्या निळ्या पुस्तकाची शिवण सुटून एकेचाळिसावं पान निसटलं आणि माझ्या तळावर पडलं. शिवकांता मोबाईल कानाला लावून सुनेला झापत होती. तिने न बघता वर कागद अंथरला आणि पुस्तकं रचली. मी पाहत होते. पण पेटी वाजते तेवढी, सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचशीलाबाईंनी ते पुस्तक घरी नेलं. पंधरा दिवसांनी परत आणलं, तेव्हा खानावळीतल्या वाचकांच्या सभेत सगळ्यांसमोर पान नसल्याचं दिसलं. शिवकांता म्हणाली, आणि हळू म्हणाली असती तरी एक वेळ चाललं असतं, "तुमच्या घरी गेलं व्हतं. तुमच्यात पुस्तकाची कदर कुठली!"

'तुमच्यात' हा शब्द खोलीत पडला आणि कुणी उचलला नाही. वीस वर्षांत त्या दोघींत तो कधी आला नव्हता. एकीच्या देवघरात महादेव, दुसरीच्या घरात बाबासाहेब आणि बुद्ध. दोघींचा चहा मात्र एका पातेल्यात. पंचशीलाबाई उठल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "पेटी ठेव तुझ्यापाशी. मी दिली व्हती, परत मागत न्हाई."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. वाचनालयाच्या मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांनी मला कुलूप घातलं. "एवढ्या थोर कवीचं पुस्तक कुणाच्याबी घरी जाणं बरं न्हवं," ते म्हणाले. पुढे आयर्लंडकर वारल्याची बातमी आली. तेव्हापासून दर वर्षी त्यांची पुण्यतिथी होते. माझ्या झाकणावर फोटो, फोटोला हार, पुढे समई, बाहेर आप्पासाहेबांचा मोठा फ्लेक्स. भाषणं होतात. पुस्तक कुणी उघडत नाही. मला मान मिळाला, मित्रांनो, आणि माझं काम गेलं. शेजारी पाण्याचा माठ झिरपत होता. माझा तळ गंजला, गंजाला भोक पडलं आणि भोकातून वाळवी आली. पोटात पुस्तकं संपत होती आणि वर हार पडत होते.

यंदाच्या पुण्यतिथीला पाहुणे मोठे होते. त्यांना मूळ पुस्तक दाखवावं म्हणून आप्पासाहेबांनी कुलूप काढलं. आत माती होती. निळ्या पुस्तकाचा पुठ्ठा तेवढा उरला होता. आप्पासाहेबांनी झाकण पाडलं आणि पाहुण्यांना चहाला बाहेर नेलं.

शिवकांता मागे राहिली. तिने पदर खोचला, माती उपसली आणि सहा वर्षांत कुणी न बदललेला तो कागद ओढला. खाली एकेचाळिसावं पान होतं. गंजाने माझ्या तळाला धरून ठेवलेलं. एक कोपरा वाळवीने नेला होता, बाकी अक्षर न् अक्षर शाबूत.

कागद हातात होता. तिने त्यावरची तारीख हळू वाचली, सहा वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची.

आप्पासाहेब परत आले. पान बघून म्हणाले, "झाकून टाका, वहिनी. आता कशाला उकरायचं? बाई तर आज लातूरला चालल्या, कायमच्या. पोरगा टेम्पो घेऊन आलाय."

"आज?"

"आत्ताच."

शिवकांताने नखाने पान सोडवायला बघितलं. ते फाटायला लागलं. तिने हात मागे घेतला. मग माझ्या दोन्ही कड्या धरल्या, मला उचललं आणि डोक्यावर घेतलं. बासष्ट वर्षांची बाई! मुखेडचा बाजार भरलेला. भाजीवाल्या हसल्या, "काय मावशी, सासरी निघाल्या का नव्यानं?" ती माझ्या कड्या घट्ट धरून चालत राहिली.

टेम्पो दारात होता. पंचशीलाबाईंचा मुलगा धम्मदीप दोर आवळत होता. बाई ओट्यावर उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले. शिवकांताने मला ओट्यावर टेकवलं.

"बाई, पेटी आणली."

"दिलेली परत घेत न्हाई मी."

"आत बघा."

"मान दुखती माझी. तोंडानं सांग."

शिवकांता पुटपुटली, "पान सापडलं. कागद मीच अंथरला व्हता."

"ऐकू येईना," बाई म्हणाल्या. "तवा कशी मोठ्यानं म्हणली व्हतीस?"

शिवकांताने आजूबाजूला बघितलं. दारादारांत माणसं उभी होती. मग ती अशी बोलली की टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं. "पान माझ्या हातानं दडपलं! मी बाईंवर आळ घेतला! 'तुमच्यात' म्हणलं, ते तर लईच वंगाळ म्हणलं!"

पंचशीलाबाईंनी चष्मा लावला, त्या वाकल्या आणि डोकं माझ्या पोटात घातलं. सहा वर्षांनी कुणीतरी माझ्यात कविता वाचली. शिडी, नवी पायरी, भिंत. आणि त्या थांबल्या. वाळवीने नेलेल्या कोपऱ्यात शेवटची ओळ होती.

"खाल्ली गं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पाठ व्हती की."

"व्हती. तुझ्या रागानं इतकी वर्षं म्हणलीच न्हाई. गेली."

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. धम्मदीप म्हणाला, "आई, निघायचं ना?"

"दोर सोड," बाई म्हणाल्या. "चहाचं पातेलं काढ खाली. अन् शिवकांता, तू पेटी आत घे. ऊन लागून राहिलंय."

चहा झाला. माफ केलं, असं बाई म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नसते. उतरत्या उन्हात टेम्पो लातूरला गेला. जाताना बाईंनी माझ्या पोपटावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "हिला फिरव. कुलूप न्हाई."

शिवकांताने माझ्या तळाला बाहेरून नवा पत्रा लावून घेतला. आतलं पान तसंच राहू दिलं. नवी पुस्तकं पोटात घेऊन मी पुन्हा एसटीत बसते. बाजारच्या दिवशी ती मोबाईल माझ्या झाकणावर ठेवून लातूरच्या फोनची वाट बघते. अजून आलेला नाही. आपण करावा, एवढं धाडस तिला होत नाही.

मित्रांनो, पुस्तक आवडलं तर वाचा, फाटलं तर शिवा, पण हार घालून बंद करू नका. आणि कुणाचं नाव घेण्याआधी आपण स्वतः अंथरलेला कागद उचलून बघा. दहा माणसांत बोललेला शब्द परत घ्यायचा तर दहा माणसांतच घ्यावा लागतो, आणि तोवर टेम्पो दारात आलेला असतो.

ती शेवटची ओळ? मला येते. वीस वर्षं ऐकली आहे. पण तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही जाऊन शिवकांताला सांगाल आणि मग फोनची गरजच उरणार नाही. ती त्या दोघींनीच आठवायची आहे.