भरलेली पिशवी

"एक पिल्लू आण गं इकडे. पिशवी बघू दे मला," नवरा खाटेवरून म्हणाला आणि कोंबड्यांच्या शेडकडे निघालेली त्याची बायको दारातच अडखळली.

पिल्लांचा ट्रक वाटेत बंद पडला होता. सकाळी यायची पिल्लं दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तीही उपाशी, माना टाकलेली. अंड्यातून बाहेर आल्या आल्या पोटात दाणापाणी गेलं तर पिल्लाचं आतडं धरतं. नाही गेलं, तर पुढे पोती ओता, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. हे तिला शिकवलं कुणी? खाटेवरच्या ह्याच माणसाने. जन्म कोंबड्यांच्या शेडमध्ये काढला त्याने. पिल्लू मुठीत धरायचा, गळ्याखालची एवढीशी पिशवी अंगठ्याने चाचपायचा आणि सांगायचा, "हे जेवलंय. हे नुसतं पाणी प्यायलंय. हे उपाशी." अशा माणसाला त्याच्याच पोटाने दगा द्यावा! काय म्हणायचं या नशिबाला?

"चार घास पोटात जाऊ देत, अंगात जरा ताकद येऊ दे, मग ऑपरेशन करू," डॉक्टर म्हणाले होते. "अशा अंगावर सुरी चालवता येणार नाही." बाकीचं बोलणं तिच्या कानावरून गेलं. चार घास तेवढे तिने पदरात बांधून घेतले.

शेडमध्ये दिव्यांखाली पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. तिने बऱ्याच जणांच्या पिशव्या चाचपल्या, तेव्हा कुठे एक भरलेलं सापडलं. ते तिने नवऱ्याच्या तळव्यावर ठेवलं.

"वा! टम्म जेवलंय की. आणि बाकीची?"

"सगळी अशीच आहेत," ती म्हणाली. खोटं बोलताना तिने पाठ फिरवून उगाचच उशीचा अभ्रा नीट केला.

"मग हे राहू दे इथे. तेवढीच सोबत."

तिने खाटेशेजारी खोका ठेवला, वर दिवा टांगला, आत खाद्य आणि पाणी ठेवलं. तेव्हापासून तिचं आयुष्य शेड ते खोली एवढंच झालं. शेडमध्ये कागद पसरायचे, त्यावर भरडा टाकायचा आणि उकिडवं बसून नखाने टकटक करायची. पिल्लांना ती आईची चोच वाटते, हेही त्यानेच शिकवलेलं. काही पिल्लं यायची, टिपायची. बरीचशी नुसती बघत बसायची आणि सकाळी आडवी झालेली असायची. मग बादली भरायची, शेडमागे खड्डा खणायचा, हात धुऊन खोलीत यायचं आणि हसऱ्या तोंडाने पेज रांधायची. तो रोज विचारायचा, "जेवली का सगळी?" आणि ती म्हणायची, "सगळी जेवली."

पेजेची वाटी आणि चमचा ती त्याच्या हाताशी ठेवून जायची. परत यावं तर वाटी स्वच्छ! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसता हसता रडली.

"संपवलीत?"

"तुझ्या हाताला चव आहे."

"इतक्या वर्षांच्या संसारात हे आत्ता सुचलं होय?" तिने त्याला टोमणा मारला आणि दुपारी वाटी काठोकाठ भरली. पुढच्या आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे न्यायचं ठरवूनही टाकलं. त्याचं मनगट तिच्या हाताला अजूनच बारीक लागत होतं. पण आजार जुना, अन्न अंगी लागायला वेळ लागायचाच, अशी ती स्वतःची समजूत घालायची. बाईमाणूस आशेवर काय काय गिळतं, विचारू नका!

"याचं खाद्य तसंच कसं?" तिने एकदा खोक्यात डोकावून विचारलं.

"तू गेलीस की खातं. लाजतं तुला," नवरा म्हणाला.

मग एका दुपारी खोक्यातला भुसा बदलताना तिने पिल्लू उचललं आणि सवयीने अंगठा गळ्याखाली गेला. पिशवी भरलेली होती. पण दाणा खाल्लेल्या पिल्लाची पिशवी बोटाला कणीदार लागते. ही लोण्यासारखी मऊ. तिने चोच उजेडात धरली. कडेला पांढरं वाळलं होतं. पेजच ती!

तिने वाटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"अहो, कधीपासून चाललंय हे?"

त्याने डोळे मिटले. "पहिल्या दिवसापासून. गिळवतच नाही गं. पाणीसुद्धा अडतं. पण रिकामी वाटी बघून तू अशी हसलीस की... म्हटलं, कुणाच्या तरी पोटात जाऊ दे."

"माझ्याशी खोटं बोललात!" ती ओरडली. "मी इथे दिवस मोजतेय आणि तुम्ही..."

"आणि तू गं? शेडमागे कुदळ चालते ती मला ऐकू येत नाही होय? पिल्लांना काय कुदळीने भरवतेस?"

तिने पिल्लू खोक्यात ठेवलं. हसू आलं की हुंदका, तिचं तिलाच कळलं नाही. "माहीत होतं तर रोज विचारत का होतात?"

"तू 'सगळी जेवली' म्हणायचीस ना, ते ऐकून बरं वाटायचं."

त्यानंतर तिने पेज रांधली ती पिल्लापुरतीच. कापूस पाण्यात बुडवून त्याचे ओठ तेवढे ओले करत राहिली. डॉक्टरांकडे न्यायचा दिवस उजाडायच्या आतच तो गेला.

माणसं आली, रीतीप्रमाणे दोन शब्द बोलली आणि निघून गेली. खोलीत ती एकटी उरली. खोक्यातून पिल्लू ओरडत होतं. खाद्य पायाशी पडलेलं, आणि ते चोच उघडून वर बघत होतं. चमच्याची वाट बघत होतं बिचारं. टिपून खायचं त्याने सोडूनच दिलं होतं.

चमचा वाटीतच होता. तिने हात नेला आणि मागे घेतला. आज भरवेल, उद्या काय?

तिने जमिनीवर कागद पसरला, मूठभर भरडा टाकला, पिल्लू समोर ठेवलं आणि नखाने टकटक सुरू केली. पिल्लू तिच्या तोंडाकडे बघत राहिलं.

"खा रे बाबा," ती म्हणाली. "ते नाही जेवले. तू तरी जेव."

बोट दुखायला लागलं तरी ती थांबली नाही. शेवटी पिल्लाने नखाशेजारी एक चोच मारली. दाणा निसटला. परत मारली.

बऱ्याच वेळाने तिने ते मुठीत घेतलं आणि अंगठ्याने पिशवी चाचपली. आत थोडेसे दाणे होते, कणीदार.

ती रिकाम्या खाटेकडे वळली.

"जेवलं हो," ती म्हणाली. "खरंच जेवलं."